सोनुबाईंचा श्वास

गाडीत उभ्या माणसानं आपली बॅग बसलेल्याच्या मांडीवर ठेवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. विचारायचंसुद्धा नसतं. त्या सकाळी निपाणीहून सुटलेल्या बेळगाव गाडीत एका उंच मुलानं माझ्या मांडीवर काळी बॅग ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं... नुसतं धुकं. संकेश्वरच्या पुढं तर ड्रायव्हरलाही रस्ता दिसेना. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि आतली माणसं उगाचच गप्प झाली होती.

मी हळूच वर बघितलं, तर तो माझ्याकडंच बघत होता. इतक्या घाईनं त्यानं नजर वळवली, की मला हसूच आलं. बेळगावला तो पुढच्या दारातून उतरला आणि धुक्यात दिसेनासा झाला. बॅग माझ्या मांडीवरच!

चडफडत ती खांद्याला अडकवून मी कामावर गेले. बघते तर आमच्या संशोधन केंद्राच्या फाटकात हाच उभा, तोंड पांढरंफटक.

"लॅपटॉप लई जड हाय तुमचा," मी म्हटलं.

"तुमी... हिथं कशा?"

"तुमची हमाली कराय आलते."

तो कानापर्यंत लाल झाला. मुलगा वाईट नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्याचं नाव बुद्धप्रिय. मूळचा निपाणीचा, आता बेळगावात खोली घेऊन राहायचा, आणि त्याच्या कंपनीनं त्याला आमच्याकडंच काम देऊन पाठवलं होतं. बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी निपाणीत दर महिन्याला तपासणीचं शिबिर भरतं. तिथं छातीला माईक लावून प्रत्येकीचा श्वास तिच्या बिडीकार्डाच्या, म्हणजे कामगार ओळखपत्राच्या नंबरावर रेकॉर्ड करतात. तो सगळा साठा मी सांभाळते. दवाखान्यातल्या उपचारांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी त्याच नंबरांवर, पण निराळ्या कप्प्यात, आणि हे दोन कप्पे आजवर एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. दोन्ही वाचून प्रश्नांची उत्तरं देईल असा एआय एजंट त्याला जोडायचा होता.

आमची खोली तळघरात. भिंतीला लागून नमुन्यांचे मोठे फ्रीज, त्यांची अखंड घरघर, आणि भर दुपारी स्वेटर घालावा असा गारवा. मी आणि तो शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलो. काळ्या पडद्यावर तो एकेक कमांड टाईप करायचा, मी आमच्या साठ्याची चावी द्यायची. एकदा चुकलं, दोनदा चुकलं... मग पडद्यावर अक्षरं उमटली, जोडणी झाली.

"पयला प्रश्न तू इचार," तो म्हणाला. 'तुमी'वरून 'तू'वर कधी आला, त्याचं त्यालाही कळलं नसावं. मला कळलं.

मी लिहिलं, कुणाचा श्वास सगळ्यात जास्त बिघडला आहे?

क्षणभर काहीच नाही. मग एक नंबर आला, आणि त्याखाली सावकाश, एकेक ओळ... या बाईंचा मृत्यू तीन वर्षांपूर्वी नोंदलेला आहे. त्यानंतरही त्यांचा श्वास दर महिन्याला येतो. शेवटचा या सोमवारी आला. ऐकवू का?

बुद्धप्रिय पुढं वाकून त्या नंबराकडंच बघत राहिला होता.

"ह्यो आईच्या बिडीकार्डाचा नंबर हाय," तो म्हणाला.

शाळेत असताना स्कॉलरशिपच्या अर्जावर तो दरवर्षी हा नंबर लिहायचा. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. त्याची आई सोनुबाई, बिड्या वळता वळताच खोकून गेली होती.

त्यानंच 'ऐकव' लिहिलं. खोलीत एका बाईचा श्वास आला. आत... थांबला... बारीक शिटी वाजवत बाहेर. मागं कुठं तरी कात्रीनं पान कापल्याचा आवाज, कच्च, कच्च. शिबिराला बायका काम घेऊनच येतात, हे मला माहीत होतं. तरी त्याच वेळी फ्रीजची घरघर बंद पडली आणि तो श्वास आमच्या पाठीमागून आल्यासारखा वाटला. मी खरंच मागं वळून बघितलं.

जोडणीचं काम संपलं, तरी तो येत राहिला. एजंट नीट चालतोय का बघतो, म्हणायचा. येताना कुंद्याची मिठाई आणायचा, अर्धा मला द्यायचा, माझ्या नव्या ड्रेसचं कौतुक करायचा... आणि मग हळूच म्हणायचा, "एकदा लावतीस?" डोळे मिटून ऐकत बसायचा. मी शेजारी असून नसल्यासारखी. खरं सांगते, मला त्या श्वासाचा हेवा वाटायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

नोंदीत काही तरी चूक आहे, हे वरिष्ठांना सांगायलाच हवं होतं. मी तसं म्हटलं, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"नको सुविधा. चूक म्हणून पुसून टाकतील. आई दुसऱ्यांदा जाईल गं."

त्याचा हात गरम होता. त्या गारठ्यात मला तो सोडवावासा वाटला नाही. मी गप्प बसले.

पुढच्या शिबिराचे श्वास आले, तसं एजंटनं आपणहून लिहिलं, या बाईंचा श्वास आणखी बिघडला आहे. असाच बिघडत गेला तर थांबेल.

बुद्धप्रियनं ती ओळ दोनदा वाचली. "आई परत मरणार?"

मग मात्र माझं डोकं सटकलं. "मेलेल्या माणसाचा दमा वाढत न्हाय. ह्यो कुणातरी जित्या बाईचा श्वास हाय. पण नोंदीत ती मेलीया, म्हणून डॉक्टर तिला बोलावनार न्हाईत. आईचं कार्ड कुणाकडं हाय?"

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आक्काकडं. पण तिनं बिड्या सोडल्यात. मी जातो तवा घरात पान न्हाय, तंबाखू न्हाय. वास येतोय, पर निपाणीत वास कुठं येत न्हाय?"

"सांगून जातोस?"

"व्हय."

"आज न सांगता जाऊया," मी म्हटलं.

दुपार कलली होती, तरी निपाणीतल्या त्याच्या गल्लीत ऊन पोचलं नव्हतं. घर अजून दिसायचं होतं, आणि मला तो श्वास ऐकू आला. आत... थांबला... बारीक शिटी. कच्च, कच्च. तळघरात इतक्यांदा ऐकलेला तो आवाज एका घराच्या पडद्याआडून येत होता. बुद्धप्रियनं माझा हात घट्ट धरला. पाय पुढं टाकायला दोघंही तयार नव्हतो.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी पुरुषानं हाक मारली, "सोनुबाई, माल झाला काय?"

"व्हय, झालाच," आतून उत्तर आलं.

पडदा मीच बाजूला केला. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू... त्याची थोरली बहीण दिपाली बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप पदरानं झाकलं. मग कळलं असावं, की आता झाकून उपयोग नाही.

तिनं थांबत थांबत सगळं सांगितलं. आई गेली, पण ठेकेदार म्हणाला, नवं कार्ड व्हायचं लवकर नाही, जुन्यावरच चालू दे. शिबिरातही कार्डच मागितलं. खरं नाव सांगितलं तर काम बंद पडेल, या भीतीनं तिनं आईच्या नावावर श्वास दिला. तोंडवळा आईचाच, फोटो जुना, कुणाला शंका आली नाही.

"तू नको म्हनलास, पर मला दुसरं काय येतंय रं?" ती म्हणाली. "आता सोनुबाई म्हनलं की मी ओ देते. दिपाली म्हनलं तर... कुणाला हाक मारत्यात, आसं वाटतंय."

बुद्धप्रियनं तिच्या मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं. "आक्का, चल," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं. तंबाखूपासून लांब राहिली आणि औषध चुकवलं नाही तर बाई सावरेल, म्हणाले. दिपालीच्या नावानं नवी नोंद उघडली. आता जुनी बंद करायची होती. एजंटनं विचारलं, सोनुबाईंचा श्वास येथे थांबवायचा का? होय किंवा नाही लिहा.

बुद्धप्रियचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"थांब," मी म्हटलं. "त्याआधी पयला श्वास लावूया. आईंचा. त्या हयात होत्या तवाचा."

इतक्या दिवसांत तो त्यानं कधी मागितलाच नव्हता. मी लावला. लांब, भरदार श्वास, पाण्याची घागर उतरवून बाईनं सोडावा तसा. शेवटी शिबिरातली नर्स काहीतरी म्हणाली, आणि सोनुबाई मोकळेपणानं हसल्या. आम्ही ऐकत होतो त्याच्याशी याचं काहीच साम्य नव्हतं.

"मी आईचा श्वास इसरलोतो," तो म्हणाला, आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि पडद्याकडं बघून म्हणाला, "आई... ही सुविधा. हिच्यासंगं लगीन करायचं म्हनतोय." मग माझ्याकडं न बघताच, "चालंल न्हवं?"

आधी मला विचारायचं सोडून आईला सांगतोय! मी रागवायलाच हवं होतं. पण मी उभी राहिले, ओढणी नीट केली, त्या काळ्या पडद्यासमोर हात जोडले.

"जय भीम, आई," मी म्हटलं.

मग त्यानं होय लिहिलं.