हिरडीवरची रेघ

तोंडं रंगवणं हे माझं काम. चेहरे म्हणत नाही, तोंडंच म्हणतो, कारण त्या वर्षी मला नटांच्या हिरड्या रंगवायला लावल्या होत्या.

साल चौऱ्याहत्तर. महाल भागातल्या शाळेच्या हॉलात आमच्या मंडळाची तालीम चाले. नाटक भैयाजींनीच लिहिलेलं, त्यांनीच बसवलेलं. कामठी रोडवरच्या एका बॅटरीच्या कारखान्यात शिशाची धूळ अंगात जाऊन माणसं मेली होती, त्यावर. शिसं भिनलं की हिरडीवर निळी रेघ उमटते, पुढे मनगटं लुळी पडतात. ती रेघ पहिल्या रांगेला दिसली पाहिजे, असा भैयाजींचा हट्ट. मी नीळ आणि काजळ खोबरेलात खललं, काडीला कापूस गुंडाळला. खेळ संपला की चूळ भरायची, रेघ गेली. यात भानगड कसली?

नाटकातल्या धोंडबा या कामगाराचं काम जयवंताकडे होतं. धरमपेठेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणजे एक टेबल आणि वर छत्री. पण बोटं अशी, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी हलायची नाही. घर चालायचं ते त्या बोटांवरच.

धोंडबा खरा माणूस, त्याच कारखान्यात शिसं भिनून मेलेला. त्याची बायको तुळसाबाई एकदा तालमीला आली. नाटकात मालक विंगेतून तीनदा हाक मारतो, "धोंडबा", आणि जयवंता फाटकातून आत येतो. हाक ऐकताच बाई उठून उभी राहिली.

"नाव बदला, भैयाजी. मेलेल्या माणसाले नावानं हाक मारत नसतात."

"खऱ्या नावातच जोर आहे, बाई."

"लय हाल काढून सुटला तो तिथून. तुम्ही त्याले पुन्हा ड्युटीवर बोलावून राहिले."

भैयाजी हसले, तिला चहा द्या म्हणाले. ती चहा न घेता गेली. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं, म्हटलं आणि काड्या धुवायला घेतल्या.

दोन-तीन प्रयोग झाल्यावर जयवंता माझ्यापाशी आला. "नत्थूभाऊ, रेघ जाऊन नाही राहिली."

"चूळ नीट भरत नसशील. आळशी आहेस तू."

मीच त्याची हिरडी घासली. आधी खोबरेलानं, मग मिठानं. रक्त आलं. रेघ तशीच राहिली, रक्ताखाली आणखी गडद दिसली. त्यानंतर मी त्याला रंग लावलाच नाही. लावायची गरजच नव्हती.

मग एके दिवशी टेबलावर चिमटा त्याच्या हातातून गळून पडला. दवाखान्यात डॉक्टरनं रक्त तपासलं आणि विचारलं, कोणत्या कारखान्यात आहेस. जयवंता म्हणाला, मी घड्याळं दुरुस्त करतो. डॉक्टरला ते पटलं नाही. नोकरी जाईल म्हणून तुम्ही लोक लपवता, म्हणाला, आणि त्याला बाहेर बसवलं.

तो भैयाजींकडे गेला तेव्हा मी तिथंच होतो.

"मले सोडा, भैयाजी. नाही तर निदान ते नाव तरी बदला. या हातांवर माझं घर आहे."

"स्पर्धेची फायनल होऊ दे, मग हवं तिथं जा. हात पडतायत? पडू देत. गेले दोन महिने मी तुला तेच तर शिकवतोय."

फायनलला तिसऱ्या हाकेला जयवंता आत आला. दोन्ही पंजे मनगटापासून लोंबत होते, खुंटीवरच्या ओल्या फडक्यासारखे. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत राहिले. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी त्याच्या हातात पदक ठेवलं. ते खाली पडलं. लोकांना वाटलं, अजून अभिनयच चाललाय. पुन्हा टाळ्या.

त्यात भैयाजींच्या सगळ्यात जोरात होत्या.

जयवंताचं दुकान गेलं. आता त्याची बायको त्याला घास भरवते.

पहिलं आलेल्या नाटकाचा आणखी एक प्रयोग व्हायचा होता. धोंडबाचं काम करायला कुणी तयार होईना. भित्रे लेकाचे, म्हणत भैयाजींनी स्वतःच खाकी कपडे चढवले आणि माझ्यासमोर बसून ओठ वर ओढला.

"लवकर कर, नत्थू. दुसरी घंटा झाली."

रेघ होती.

मी अजून रंगाच्या वाटीचं झाकणही काढलं नव्हतं.

मला ते खाली पडलेलं पदक आठवलं. मी कोरडी काडी त्यांच्या हिरडीवरून फिरवली.

"झालं, भैयाजी."

त्यांनी आरशात पाहिलं. "वा. आज अगदी खरी जमली."

पडद्यामागं येऊन ते रंगमंचाला नमस्कार करायला थांबले. हात जोडायला गेले. एकच वर आला. दुसऱ्याकडे ते बघत राहिले.

तेवढ्यात पलीकडच्या विंगेतून मालकानं पहिली हाक मारली. "धोंडबा."

"येऊन राहिलो, साहेब," भैयाजी म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या नाटकात नव्हतं. आणि आवाज त्यांचा नव्हता.