आई घरी नाही

ये, बस. दारात माझी बॅग आहे, ती ओलांडून ये. दिवा आधीच लावलाय, या घरात तो जरा लवकरच लावतात. बाळ झोपलंय तर असू दे मांडीवर, मी हळू बोलते. माझ्या गाडीला अजून वेळ आहे. खोली तुलाच द्यायची हे खालच्या मालकिणीचं आणि माझं ठरलंय, पण किल्ली देण्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालणं माझं काम आहे.

तुला किती जणांनी दारातून परत पाठवलं ते मी विचारणार नाही. माझंही तेच झालं होतं. नवरा वारल्यावर मी पडद्यांचं दुकान चालवलं, आणि बरं चालवलं. मग एका मोठ्या हॉटेलचं काम घेतलं, कापड उधारीवर उचललं, आणि हॉटेलवाला एका रात्रीत पसार झाला. कोर्टाने मला दिवाळखोर ठरवलं. त्यानंतर जिथे खोली बघायला जावं तिथे दलाल आधीच माझी कुंडली सांगून मोकळा झालेला असायचा. कोणी जामीन मागे. सख्ख्या दिराकडे गेले, तर तो म्हणाला, "वहिनी, जीव माग, सही मागू नकोस." मी म्हटलं, तुझा जीव घेऊन काय लोणचं घालू?

माझी मुलगी, भिंगरी, तेव्हा आठ वर्षांची. बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रीजमागे अंथरूण टाकून झोपायची. बहिणीने स्पष्टच सांगितलं की शाळा सुरू होईपर्यंत तुझं घर झालं नाही, तर पोरीला तिच्या काकाकडे पाठव. काकाकडे गेलेली पोर मला परत मिळाली नसती. म्हणून मी रोज सकाळी चपला घालून निघायची आणि उंबरे झिजवायची.

या घराची मालकीण तेव्हा चालतीफिरती होती. तिने ना कोर्टाचं विचारलं, ना कमाईचं. एवढंच म्हणाली, "आतून टकटक झाली तर ओ देशील ना?"

ही बघ, ही आतली खोली. दिवेलागणीला हिच्या दारावर आतून कोणीतरी टकटक करतं. फार जुनी भाडेकरीण. या खोलीत अडकली, कडी बसली, आणि ती ठोठावत राहिली. घरच्यांना वाटलं, वसुलीवाले आले. सगळे बाहेरच्या खोलीत दिवा विझवून, अळीमिळी गुपचिळी करून बसले, आणि ती आतच गेली. मालकिणीची अट एकच होती. टकटक झाली की म्हणायचं, "आम्ही घरी आहोत." एवढ्याने ती शांत होते. आधीचे भाडेकरू पहिल्याच आठवड्यात पळाले होते. मला हसू आलं. हे भूत अनामत मागत नव्हतं, जामीन मागत नव्हतं. मी त्याच दिवशी शिवणाचं मशीन वर चढवलं.

पहिल्या संध्याकाळी मात्र माझी पाचावर धारण बसली. आधी वास आला, बंद कपाटात ओलं कापड राहिल्यावर येतो तसा. मग टक... टक... टक. घाई नाही, राग नाही. रिकाम्या खोलीतून. मी कसंबसं म्हटलं, "आम्ही... घरी आहोत." आणि सगळं थांबलं. पुढे तर मी शिवता शिवता, मान वर न करता ओरडायची, "आहोत हो, आहोत!" माणसाला कशाचीही सवय होते. भिंगरी आली, आणि घर झालं.

चूक झाली ती अशी. पडद्याची चुणी धरताना आम्ही टाचण्या ओठांत धरतो. त्या संध्याकाळी मी स्टुलावर उभी होते, दोन्ही हातांत पडदा, तोंडात टाचण्या. टकटक झाली. मला ओ देता येईना. आणि भिंगरीने, वहीतून डोकंही वर न काढता, उत्तर दिलं, "आई घरी नाही."

तिचा काय दोष? दुकान बुडालं त्या वर्षी मीच तिला हे पढवलं होतं. टकटक झाली की मी पडद्यामागे आणि ती दाराशी. आई घरी नाही. पोर झोपेतही म्हणायची.

मी टाचण्या थुंकल्या, पण उशीर झाला होता. आतून पहिल्यांदाच आवाज आला. मऊ, समजूतदार.

"बरं... मग मी थांबते."

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावायचे होते. काम लांबलं. धावत जिना चढले तेव्हा अंधारून येत होतं. दार आतून बंद. मी ठोठावलं. आतून भिंगरी म्हणाली, "कोण पाहिजे? आई घरीच आहे."

आणि मला मशीन ऐकू आलं. माझंच मशीन, पाचसहा टाक्यांनी एक ठेका चुकणारं. कोणीतरी ते माझ्यासारखंच चालवत होतं.

"भिंगरी... दार उघड. मी आहे."

मशीन थांबलं. आत कुजबुज झाली, माझ्या आवाजात. "उघडू नकोस गं... वसुलीवाले असतील. गप्प बस."

ते माझेच शब्द होते. मी तिथून हलले नाही. एका घरासाठी सगळ्या गावाने मला दारातून परत पाठवलं होतं, आता माझ्याच दारातून मी परत जाणार होते होय? आतलं ते माझी लपायची सवय जाणत होतं. म्हणून मी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. सगळा जिना ऐकेल अशी ओरडले, "आई घरी आली! मी लपणार नाही, जाणार नाही! आता कोणी थांबायचं कारण नाही!"

मग कडी निघाली. भिंगरी दारात उभी, माझ्याकडे बघतेय आणि मागे बघतेय. आत कोणी नव्हतं. पण तिची वेणी नुकतीच घातलेली होती, आणि शेवटाला पडद्याचा दोरा बांधलेला, माझ्या आईने शिकवलेल्या गाठीने. ती गाठ मी कोणालाच शिकवलेली नाही. मी ती कात्रीने कापली.

मालकिणीने विचारलं, "सोडतेस खोली?" मी म्हटलं, ती थांबू शकते तर मीही थांबते. त्या दिवसापासून एकही दिवेलागण मी चुकवली नाही. मोठी कामं सोडली. टकटक झाली की म्हणायची, "आई घरी आहे." वर्षानुवर्षं. माझी पोर याच घरात लहानाची मोठी झाली आणि शहाणी निघाली.

आता ती दूरच्या शहरात नोकरी करते. तिला घर चुटकीसरशी मिळालं, तिचं नाव स्वच्छ आहे. मागच्या आठवड्यात फोनवर हसत सांगत होती की संध्याकाळी कोणीतरी दार ठोठावून विचारलं, आई आहे का? "मी सांगितलं, आई इथे नसते."

त्या दिवसापासून इथली टकटक बंद आहे. तू बिनघोर राहा, बाळाला घेऊन राहा. ती आता इथे नाही.

काल भिंगरीने फोनवर विचारलं, माझ्या खिडकीचा पडदा तू कधी शिवून पाठवलास? गाठ तुझीच आहे. मी तेव्हाच बॅग भरली. आणि तू जिना चढत होतीस ना, तेव्हा मी तिला पुन्हा फोन केला होता. म्हटलं, मी निघतेय, पोहोचेपर्यंत दार लावून बस, कोणाला उघडू नकोस.

ती म्हणाली, "लावलंय की. तू आत आलीस तेव्हाच लावलं."

ही घे किल्ली. सरक जरा, मला जाऊ दे. तिच्या दारात उभं राहून मला खूप मोठ्याने ओरडायचंय.