दरवाज्याबाहेरची माणसं

बसा इथं ओट्यावर. प्रणित, मोबाईल ठेव खाली. हे माझ्या समोर राहणाऱ्या कृष्णकांतच्या बाबतीत झालेलं हाय. त्यानं मला स्वतः सांगितलं, ते पण दिवसाउजेडी. रात्री तो हे बोलतच नाय.

गेल्या पौषातली अमावास्या, रविवार. संध्याकाळी तो पनवेलच्या बाजारातून नकाशाचा कागद घेऊन आला. त्याची बायको नीता, आजारी मावशीला बघायला उरणला गेलेली. नऊपर्यंत येणार होती.

कृष्णकांतचं काम असं, की जमिनीखालून जुनं काय निघालं की मोजमाप घेऊन त्याचं चित्र काढायचं. तेव्हा नागपूरच्या पलीकडं दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शहर खणत होते. भोवती मातीचा जाड तट, बाहेर खंदक, आणि एकच मोठा दरवाजा. त्या दरवाज्याबाहेर एकवीस माणसांची हाडं निघाली. सगळ्यांची तोंडं दरवाज्याकडं. बाहेर राखेचा वीतभर थर, आत राखेचा कण नाय. म्हणजे बाहेर आग पेटली, माणसं दाराशी धावली, आणि आतल्यांनी उघडलं नाय.

तो दरवाजा तेव्हा कसा दिसत असेल, त्याचं चित्र त्याला सकाळी पाठवायचं होतं. नऊला दहा कमी होते. चित्रातल्या दरवाज्याच्या बंद फळ्या काढून झाल्या, आणि शेवटी त्यानं शाईनं आडव्या अडसराची रेघ ओढली.

तेवढ्यात त्याच्या घराच्या दारावर कोणीतरी हात फिरवला.

ठोकलं नाय. नुसता हात फिरवला...

त्यानं विचारलं, कोण हाय. मग दुसरा हात. मग पुष्कळ. वरपासून पार खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर पण. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड आत येत होता. त्या उजेडात एकाही पायाची सावली नव्हती.

त्यानं टेबल ओढून दाराला लावलं. पाठ टेकून उभा राहिला. फळी पाठीला गरम लागली...

"अहो, दार उघडा."

नीताचा आवाज.

त्याचा हात कडीवर गेला. थांबला. त्यानं तिला फोन लावला. फोन दाराबाहेर वाजला. तरी हात हलेना. मग त्याला ती हाडं आठवली. आतली माणसं पण अशीच उभी राहिली असतील, कडीवर हात ठेवून.

त्यानं टेबल सरकवलं. उघडलं.

नीता एकटीच आत आली. दार लागलं.

चपला काढता काढता ती म्हणाली, "एवढी माणसं कोणाकडे आलीत? मला वाट करून दिली बिचाऱ्यांनी."

त्यानं कडी घातली.

"एकीनं तर पोर माझ्या कडेवर दिलं. म्हणाली, एवढं तरी आत ने."

"नीता... पोर कुठंय?"

तिनं खाली पाहिलं. डावा हात कडेशी तसाच वाकवलेला.

रिकामा.

ती रात्र दोघांनी दिवे लावून काढली. काय दिसलं नाय, काय ऐकू आलं नाय. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा नीतानं आदल्या रात्रीची साडी माझ्यासमोर ठेवली. खांद्याजवळ पदराला एक चुरगळा. एवढासा... तान्ह्या पोरानं मुठीत धरावा तेवढा. तिनं माझ्यासमोर इस्त्री फिरवली. गेला.

सकाळी परत होता.

अजून हाय.