बांबूपलीकडची बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं काहीच पदरचं नाही. रुखमाकाकूंनी देवासमोर बसून सांगितलेलं आहे.

१९७९ चा मे महिना. भर दुपार.

बपेरा गावाच्या पुढं नदी ओलांडली की मध्य प्रदेश. उन्हाळ्यात पात्रात नुसती वाळू आणि एक बारीक धार. हद्द कळावी म्हणून वाळूत कोणीतरी बांबू रोवलेला.

काकूंचे यजमान केवळराम, गावचे कोतवाल. बाबुलाल गुराखी सांगत आला, बांबूच्या अलीकडं एक अनोळखी बाई पडली आहे.

केवळरामकाका हवालदारासोबत गेले. बाई हलत नव्हती.

"मेली वाटते," हवालदार म्हणाला. "आता पंचनामा, कागदं, उन्हात हेलपाटे. केवळराम, बांबूच्या पलीकडं ठेव तिले. त्यायचं ते पाहतीन."

काकांनी काखेत हात घालून तिला ओढलं. वाळूत टाचांच्या दोन रेघा उमटत गेल्या.

बांबू ओलांडला आणि...

तिच्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं.

"पानी..."

"साहेब! जित्ती हाये हे बाई!"

हवालदारानं मागं पाहिलंही नाही. "आता ते आपल्या हद्दीत नाही. चाल."

धार वीस पावलांवर होती. काका क्षणभर थांबले.

मग मनगट सोडवून घेतलं आणि निघाले.

संध्याकाळी राहवलं नाही. तांब्या घेऊन परत गेले.

बाई नव्हती.

पलीकडच्या गावात कोणी तिला पाहिलं नव्हतं. जिवंत नाही, मेलेली नाही. टाचांच्या रेघा बांबूच्या जरा पुढं संपत होत्या. पुढं एक पाऊलसुद्धा नाही...

तिसऱ्या दिवशी दुपारी काका जेवता जेवता थांबले.

"कोन बोलावून राहिलं?"

"कोनी नाही जी," रुखमाकाकू म्हणाल्या.

"नदीपलीकडून... पानी मांगून राहिली."

ते पाणी घेऊन धावले. पलीकडं पोचले, तर हाक अलीकडून आली.

मग रोज तेच.

मांत्रिक झाला, नवस झाले. काकांनी कोतवाली सोडली. दोघं काकूंच्या माहेरी, पलीकडच्या गावात, राहायला गेले. तिथं हाक महाराष्ट्राच्या बाजूनं यायची.

शेवटी करडी गावाला आले. तिथं ना नदी, ना हद्द.

पहिल्याच दुपारी हाक आली... शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून.

"रुखमा, मी इकडं असलो का ते तिकडं असते. पानी पोचवू कसं?"

 काकूंना एवढ्या वर्षांत काहीच ऐकू आलं नव्हतं.

१९८५ च्या उन्हाळ्यात काका गेले. शेवटचे दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही. "तिले देल्याबिगर मी कसा पिऊ?" एवढंच म्हणायचे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू अंगणात एकट्याच धान पाखडत होत्या.

धुऱ्यापलीकडून हाक आली.

"पानी..."

काकूंच्या हातातलं सूप गळून पडलं.

आवाज बाईचा नव्हता. काकांचा होता.

तांब्या घेऊन त्या धुऱ्यापर्यंत पळाल्या. पलीकडं पाऊल टाकलं...

आणि हाक मागून, घरातून आली.

"अजून ऐकू येते का काकू?" असं मी विचारलं. त्यांनी उन्हाकडं पाहिलं. बारा वाजत आले होते.

"आता तुमी जा," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कोणाशी, ते थांबून ऐकायची हिंमत झाली नाही.