आवाज बंद करून बघा

तो आला तेव्हा माझ्या केसात खिचडी होती.

आता हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण खरं ते खरं. भांडगावची आमची अंगणवाडी, सव्वीस पोरं. टीव्हीवर एक मांजर दुसऱ्या मांजराच्या टाळक्यात तवा हाणत होतं, आणि ते बघून माझी पोरं चमचे घेऊन एकमेकांवर तुटून पडली होती. मी मधे पडले. मदतनीस तानुमावशी पातेलं वाचवत होत्या. आणि दारात एक उंच माणूस... चपला बाहेर काढून, खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन उभा.

"बाळासो आबांचं घर कुठं? डिश बघाया बोलावलंय."

"सरळ जा, झेंडूच्या शेतापाशी डावीकडं," मी म्हणाले. "आणि हसायचं असेल तर तिकडं जाऊन हसा."

"हसत न्हाई मॅडम. पण... कानावर वाटाणा हाय तुमच्या."

मी वाटाणा काढला. माझा चेहरा नक्की लाल झाला असणार. तो मात्र टीव्हीकडं बघत होता.

"असलं कशाला लावता?"

"मग काय लावू? सगळ्याच कार्टूनवर लिहिलेलं असतं, मुलांसाठी उत्तम म्हणून."

"आवाज बंद करून बघा," तो म्हणाला. "बारक्या पोरांना बोलणं कळत न्हाई, त्यांना हात दिसत्यात. आवाज बंद असताना पण कुणी चांगलं वागताना दिसलं, तर ते लावा. माझ्या भाच्यावर करून बघितलंय."

त्याचं नाव सुदर्शन. पाटसला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हे मी विचारलं नव्हतं, तानुमावशींनी विचारून घेतलं, फोन नंबरासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आबा आले, नात सायलीला बोटाला धरून. अंगणवाडीला टीव्ही आबांनीच दिलेला.

"बाई, हिनं मला काल काय म्हणावं? ए म्हाताऱ्या, हो बाजूला. साडेतीन वर्साची पोर ही. संक्रांतीपर्यंत बघतो, न्हाईतर टीव्ही काढून नेतो."

टीव्ही जाऊन चालणार नव्हतं. पोरांसाठी तर नाहीच, पण खोटं कशाला बोलू... टीव्ही गेला तर टीव्हीवाला कशाला येईल?

मी त्याला फोन केला. म्हटलं, निवडायला मदत करा. तो गुरुवारी आला, पेन ड्राइव्हमध्ये वीस-बावीस कार्यक्रम भरून. पोरं घरी गेली की तानुमावशी भांडी घासायच्या, आणि आम्ही दोघं सतरंजीवर बसून आवाज बंद करून कार्टून बघायचो. मधे पाच वर्षांचं पोर बसेल एवढी जागा सोडून.

"ह्यो ससा न विचारता गाजर घेतोय," तो म्हणायचा.

"नापास."

"राजकन्या रडली की तिला सगळं मिळतंय."

"नापास."

"लई कडक हाय तुम्ही. माझा काय निकाल लावला?"

"तुमचा आवाज अजून बंद कुठं झालाय?"

तो गप्प बसला. अगदी मिनिटभर गप्प बसून माझ्याकडं बघत राहिला. आणि मला पडद्यावरचं काही दिसेना.

तिसऱ्या गुरुवारी एक हत्तीचं पिल्लू पास झालं. ते घेण्याआधी विचारायचं, भीती वाटली तरी खरं सांगायचं, आणि चुकलं की समोरच्याचा हात धरून म्हणायचं, चुकलं माझं. रोज अर्धा तास, बास. पंधरा दिवसांत चपला ओळीत लागायला लागल्या. "अजून खिचडी घेऊ का?" ऐकून तानुमावशींनी पदर डोळ्याला लावला. सायलीनं आबांचा चष्मा मोडला आणि आपणहून जाऊन सांगितलं म्हणे.

इतकं छान सगळं. आणि मी उदास. निवड झाली, काम संपलं, गुरुवार रिकामा पडला.

मग एका बुधवारी, आबांची वाट बघत थांबलेली सायली तेवढी खोलीत असताना, घरी जाता जाता मी टीव्हीमागची वायर ओढली. जराशीच.

"बिघडलाय हो," फोनवर सांगताना आवाज कसाबसा सरळ ठेवला.

तो आला. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकून, केस धुळीनं पांढरे. वायर लावली, चहा प्याला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्यांदा तो वायरीकडं फारच वेळ बघत बसला. मग चहा मागितला.

संक्रांतीच्या आधीचा गुरुवार. पोरांच्या आयांची बैठक अकराला, त्यांना हत्तीचं पिल्लू दाखवायचं होतं, आणि आबा दहालाच हजर. टीव्ही काळा. अहो, वायर मीच काढलेली, आबांसमोर लावू कशी, आणि लावणारा ट्रॉल्यांमागं अडकलेला.

तो धापा टाकत दारात आला, तेव्हा सगळ्या आया जमल्या होत्या. आबा त्याच्यावरच घसरले.

"दर गुरुवारी तू येतो आन् दर गुरुवारी ह्यो बिघडतो. काम येत न्हाई का तुला? ह्यो टीव्ही आजच घरी नेतो, आन् तू परत ह्या गावात दिसू नगं."

सुदर्शननं एकदा माझ्याकडं बघितलं. मान खाली घातली. "माझीच चूक हाय आबा."

मला बोलायचं होतं, तोंड उघडेना. पोरांना रोज शिकवते ना मी, भीती वाटली तरी खरं सांगायचं म्हणून...

सायली उठली. आबांच्या धोतराला धरून स्पष्ट म्हणाली, "आबा, टीव्ही नाय बिघडत. बाई वायर काढतात."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तानुमावशी तेवढ्या छताकडं बघत होत्या.

"व्हय बाई?" आबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दर बुधवारी. हे... हे यावेत म्हणून." बोलून टाकलं. हलकं वाटलं.

सुदर्शननं खिशात हात घातला आणि वायर पक्की करायची एक छोटी पिन काढली.

"ही लावली असती तर वायर परत निघाली नसती," तो म्हणाला. "पहिल्या गुरुवारपासनं खिशात हाय. मला बी यायचं व्हतं, आबा."

सायलीला मात्र ते पुरेसं वाटलं नाही. "हात धरा," तिनं हुकूम सोडला. "चुकलं माझं म्हणा."

आम्ही धरला. सगळ्यांसमोर. "चुकलं माझं," दोघंही म्हणालो. आणि सोडायचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सोडला नाही.

"मला कवाचंच दिसत व्हतं," तानुमावशी म्हणाल्या. "आवाज बंद असला तरी."

आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "टीव्ही ऱ्हाऊ द्या हितंच. पोर खरं बोलाय लागली." मग ते खुर्चीत टेकले, उपरणं सारखं केलं आणि सुदर्शनकडं वळले.

"पाटसला कुणाचा रं तू? घरात थोरलं कोण हाय? म्हंजी कुणाशी बोलायचं?"

आमच्या गावात हे कशासाठी विचारतात, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी हात सोडवून तिळगुळाचा डबा आणायला आत पळाले.