भिंतीकडचा पाय

सासूबाईंना न्यूमोनिया झाला आणि त्या मी काम करते त्याच हॉस्पिटलात दाखल झाल्या. मी तिथे फिजिओथेरपिस्ट. म्हातारपणी अंगात दाह पेटला, की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. फुप्फुसं बरी होतात आणि माणूस खाटेलाच खिळतो. हे मी रोज बघते.

"उठतील त्या," मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. "माझ्या हातात आहेत."

वॉर्डातली त्यांची खाट डाव्या अंगाने भिंतीला टेकवलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी बाळासाठी दूध काढून ठेवायची, डब्यातले चार घास कोंबायची आणि धावत यायची. त्यांचं उजवं पाऊल तळहातावर घेऊन म्हणायची, "आई, ढकला मला." भिंतीकडच्या पायापर्यंत हात कसाबसा पोचायचा.

"सासूचे पाय धरायचा पगार घेणारी पहिलीच सून गं तू," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"बोलण्यात दम घालवू नका. ढकला."

आठवड्याभरात उजवी मांडी सैल पडली. ते अपेक्षितच होतं. डावी मात्र घट्ट होती. मी वाकून पाऊल धरलं, तर त्या पायाने मला खरंच मागे सारलं.

"सिस्टर, यांच्या डाव्या पायाचा व्यायाम कोण करून घेतंय?"

"तिकडे भिंत आहे, मॅडम," सिस्टर हसली. "पाल घेत असेल करून."

सासूबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, "ती तुझ्यासारखी घाई नाही करत. हात तेवढा गार आहे."

तापात माणसं बरळतात. ताप उतरला होता, हे मी मनाआड केलं.

दुसऱ्या दिवशी खाट ओढून मध्ये घेतली, म्हणजे मला दोन्हीकडून काम करता येईल. त्या दिवशी डावा पाय लोळागोळा होऊन पडून राहिला. सासूबाई रडवेल्या झाल्या.

"सरकव गं परत. असं उघड्यावर उभं राहायला लाजते ती."

मी खाट भिंतीला लावली. मला त्या चालायला हव्या होत्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला नकोच होती.

चार दिवसांनी त्या उभ्या राहिल्या. उजव्या काखेत माझा हात. डावा कोपर त्यांनी वाकवून धरला होता, कुणाच्या तरी दंडावर टाकावा तसा. त्या बाजूची बाही आवळल्यासारखी चुरगळली होती. आम्ही पॅसेजच्या टोकापर्यंत गेलो. डॉक्टरांनी माझं तोंडभरून कौतुक केलं आणि मी ते बिनदिक्कत घेतलं.

घरी आलो. जिना त्या माझ्या आधाराशिवाय चढल्या. मी पिशव्या सावरत मागे होते.

दार उघडंच होतं. उंबऱ्याशी त्या थांबल्या. डावा हात खाली सोडला. अंग चोरून बाजूला सरकल्या, एक माणूस आत जाईल इतका वेळ.

"चल, आता आपण," त्या म्हणाल्या.

आत बाळ रडत होतं. रडणं मध्येच थांबलं.

आम्ही दोघी अजून बाहेरच होतो.

स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "बरं झालं घेतलंस त्याला. माझे हात खरकटे आहेत."