पांढऱ्या दगडाखालच्या काकड्या

तिसरी बरणी रिकामी करायचे काम मुलांवर आले, तेव्हा टाचणीने नाकाला रुमाल बांधला. परसाच्या टोकाला खणलेल्या खड्ड्यात काकड्या, गाजरे आणि कोबी धपकन पडले. काकड्यांचा पार लगदा झाला होता आणि वास असा, की कुंपणावरचे मांजर उठून चालते झाले.

टाचणी अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. शंकासुर तिचा मावसभाऊ. कुठलीही गोष्ट त्याला एकदा सांगून पटल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. तिसरा टाचणीचा धाकटा भाऊ. खेळात तो कायमचा लिंबूटिंबू, म्हणून नावही तेच पडलेले. सुट्टी लागली की तिघे मोठ्या मावशीच्या घरी मुक्काम ठोकत.

मावशी परसात पिकलेल्या भाज्या मिठाच्या पाण्यात मुरवायची. भाज्या पाण्याबाहेर डोकावू नयेत म्हणून वर एक दगड ठेवायचा. काही दिवसांत त्या आपोआप आंबट होत आणि तो आंबटपणाच त्यांना पुढे कितीतरी महिने टिकवी. इतक्या वर्षांत तिची एक बरणी बिघडली नव्हती. यंदा मात्र एकीमागून एक बिघडत होती.

"मीठ घालायचं विसरत असणार मी," मावशी खड्ड्याकडे न बघता म्हणाली. "वय झालं."

काकांनाही तसेच वाटत होते. काका, म्हणजे मावशीचे यजमान, फरशीचे काम करायचे. संगमरवर बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस प्रेमळ, पण एकदा डोक्यात घेतले की घेतले. मावशीला आता हा व्याप नको, असे त्यांनी ठरवून टाकले होते. पुढच्या आठवड्यात वाफे मोडून सगळ्या परसात फरशी घालायची. मावशीने नुसती मान डोलावली होती. ती भांडली असती तर मुलांना इतके वाईट वाटले नसते.

"मला नाही पटत," शंकासुर म्हणाला. पण या वेळी त्याला कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने शेवटची म्हणून एक बरणी भरायला घेतली, तेव्हा तिघे मदतीच्या नावाखाली पाळतीवर बसले. मीठ बरोबर मोजून पडले. मावशीने मात्र ते पडले का, हे तीनदा विचारले. टाचणीने पाण्याची चव घेऊन पाहिली. चांगले खारट होते. वर पांढराशुभ्र दगड बसला. आणि तरीही चार-पाच दिवसांत त्या बरणीला तोच वास येऊ लागला.

म्हणजे चूक मिठाची नव्हती. मग कशाची?

उत्तराचा अर्धा भाग लिंबूटिंबूला सापडला, तोही खाऊ शोधताना. फळीवर अगदी मागे एक अरुंद तोंडाची बरणी होती. तिच्यातल्या काकड्या कुरकुरीत आणि आंबटढाण! मावशीला विचारले, तर ही बरणी पहिल्या बिघडलेल्या बरणीबरोबरच भरलेली निघाली. काकड्या त्याच, मीठ तेच. फरक एवढाच की तिच्या तोंडातून दगड आत जाईना, म्हणून मावशीने कोबीच्या पानांची घडी दाबून बसवली होती.

"आणि हे दगड कुठले?" टाचणीने विचारले.

मावशीचे जुने काळे गोटे काकांना कळकट वाटायचे. यंदा स्वयंपाकघराचा ओटा नवा केला, तेव्हा त्यांनी ते फेकून दिले आणि उरलेल्या संगमरवराच्या चकत्या कापून हौसेने तिला दिल्या. टाचणीने बिघडलेल्या बरणीतली चकती काढून धुतली. ती खडूसारखी खरखरीत लागत होती. न वापरलेली चकती मात्र आरशासारखी गुळगुळीत होती. शंकासुर बराच वेळ दोन्हींवरून बोट फिरवत राहिला.

त्या संध्याकाळी जेवताना टाचणीने अगदी साळसूद चेहऱ्याने विचारले, "काका, संगमरवरावर लिंबू सांडलं तर काय होतं हो?"

काकांची कळी खुलली. गिऱ्हाइकांना हेच सांगून त्यांचा घसा बसायचा. "वाटोळं होतं! आंबट काही सांडू द्यायचं नाही. आंबटपणा दगडाला खातो."

"मग त्या आंबटपणाचं काय होतं?" शंकासुर म्हणाला.

लिंबूटिंबूने लिंबाच्या रसाचा पेला पुढे सरकवला आणि संगमरवराचा तुकडा आत सोडला. तुकड्याभोवती बुडबुडे उठू लागले.

"आंबटपणा दगड खाण्यातच संपतो," टाचणी हळूच म्हणाली. "बरणीत आंबटपणा तयार होतो आणि दगड तो संपवतो. मग भाज्यांना सांभाळायला काही उरतच नाही. मावशीनं मीठ एकदाही विसरलेलं नाही, काका."

काकांनी उठून आपल्या माणसांना फोन लावला आणि परसाचे काम रद्द झाल्याचे सांगितले. परत आल्यावर त्यांनी शंकासुराच्या पाठीवर थाप मारली. आपण जन्मभर दगडाचीच काळजी केली, पण दगड दुसऱ्याचे काय करतो हे या पोरांनी विचारले, असे ते म्हणाले. टाचणीला आणि लिंबूटिंबूलाही त्यांनी मनापासून शाबासकी दिली.

मग ते मावशीकडे वळले. "इतके दिवस मी तुला विसराळू म्हणत होतो. आणि तू मुकाट्यानं ऐकून घेतलंस?"

"ऐकून नाही घेतलं," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खरं मानलं होतं मी."

काकांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि ते तिचा हात धरून बसून राहिले.